नदीत काय सोडता ते आधी लिहून द्या – अशी सक्ती असावी का?

वाशिष्ठीकाठी

मंडळी, जून २०२५ मध्ये इटलीतल्या विचेंझाच्या कोर्टाने मितेनी नावाच्या बंद पडलेल्या रसायन कारखान्याशी संबंधित अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. सगळ्यांच्या शिक्षांची बेरीज १४१ वर्षं. प्रकरण पीफासचं, म्हणजे निसर्गात न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांचं. भूजल, नळाचं पाणी आणि माणसांचं रक्त, तिन्हींत ही रसायनं सापडली. सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न होता. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला, २०१९ मध्ये यंत्रसामग्री लिलावात निघाली, ती भारतातल्या एका कंपनीने घेतली आणि ती आली आमच्या लोटे परशुरामच्या एमआयडीसीत. चिपळूणहून अर्ध्या तासावर.

इथे कुणी नदीत काही सोडलंय असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण पुरावा हवा तर कुणीतरी मोजायला हवं, आणि मोजायचं तर नाव माहीत हवं. मी प्रदूषण मंडळाची काही संमतीपत्रं, म्हणजे कारखान्यांना सांडपाणी सोडायची परवानगीपत्रं, काढून वाचली. पीएच, बीओडी, सीओडी, तरंगते कण, तेल-ग्रीस, क्लोराइड, सल्फेट. मी पाहिलेल्यांपैकी एकातही पीफासचा शब्द नाही.

माझं म्हणणं एवढंच: संमती मागतानाच कारखान्याने "आमच्या सांडपाण्यात न विघटणारी ही ही रसायनं, इतक्या प्रमाणात" असं लिहून द्यावं. ते गावाला वाचता यावं. आणि जे लिहिलं नाही ते सोडणं बेकायदा धरावं. बंदी मागत नाही, टाळं ठोका म्हणत नाही. यात काय चूक आहे?

खवचट_खान

एमआयडीसीचा धागा म्हणजे दोनशे प्रतिसादांची निश्चिती. मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

मीनल_के

पीफास म्हणजे नॉनस्टिक तव्यातलं तेच ना? मी मागच्याच दिवाळीत सगळे तवे काढून टाकले आणि बिडाचा तवा आणला. आता घावन चिकटतात आणि सासूबाई हसतात.

सांडपाणीवाला

मीनलताई, तवा टाकलात तरी हरकत नाही, पण मुख्य गोष्ट तव्यात नव्हती. टेफ्लॉनचा घट्ट थर तसा स्वस्थ असतो. तो बनवताना जे मदतनीस रसायन वापरत, पीएफओए नावाचं पीफास, ते कारखान्याच्या नळीतून नदीत जात होतं. घावनांसाठी तवा आधी कांदा तेलात बुडवून चोळून घ्या.

आता मुद्द्याचं. मी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीईटीपीत, बरीच वर्षं काढली आहेत. कुठल्या ते विचारू नका. वाशिष्ठीकाठींनी संमतीपत्र वाचलं, मी त्यातला एकेक आकडा रोज काढायचो. सीओडीच्या चाचणीत पाण्याच्या नमुन्यात डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालून दोन तास उकळतात. जे जळतं त्याचा हिशोब म्हणजे सीओडी. पीफासमधला कार्बन-फ्लोरिनचा बंध त्या आम्लात सुटतच नाही. म्हणजे नमुन्यात पीफास असलं तरी सीओडीचा आकडा अगदी सुरेख येतो. बीओडी तर जिवाणूंच्या खाण्यावर ठरतो, आणि ते याला तोंड लावत नाहीत.

वायुवीजनाच्या टाक्यांत आणखी एक गंमत होते. काही मोठे, गुंतागुंतीचे रेणू तिथे अर्धवट तुटतात आणि त्यांचं पीएफओए किंवा त्याचंच भावंड पीएफओएस तयार होतं. म्हणजे आत आलं त्यापेक्षा बाहेर जाताना जास्त सापडू शकतं. केंद्र चालवणाऱ्याला हे कळणार कसं? गेटवर टँकर येतो, ड्रायव्हरच्या हातात एक चिठ्ठी, तीवर पीएच आणि सीओडी. आम्ही बाटली भरायचो, पट्टी बुडवायचो आणि व्हॉल्व्ह उघडायचो. ज्याने टँकर भरला त्यालाच आत काय आहे ते ठाऊक. म्हणून उगमावर जाहीर करण्याला माझा पूर्ण पाठिंबा. शेवटच्या नळीशी उभं राहून शोधणं अवघड आणि महाग काम आहे.

आळंदीचा_बंडू

+१. इंद्रायणीचा फेस बघा म्हणजे कळेल. वारीच्या तोंडावर बर्फ पडल्यासारखा दिसतो. पीफासच तो.

सांडपाणीवाला

बंडूशेठ, तसं सरसकट म्हणू नका. फेस येण्यात साबण, डिटर्जंट आणि प्रक्रिया न केलेलं मैलापाणी यांचाच वाटा मोठा असतो. पीफास घातक ठरतं ते नॅनोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या, पातळीवर. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतानाही ते असू शकतं. डोळ्यांनी ठरवायला गेलो तर फेस दिसणाऱ्या नदीमागे धावू आणि स्वच्छ दिसणारी पिऊ.

भोसरी_प्लेटर

सगळे एका सुरात गाताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझं क्रोम प्लेटिंगचं छोटं युनिट आहे, चौदा माणसं कामाला. क्रोमच्या टाकीतून जी वाफ उठते तिच्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं. जुन्या कारागिरांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलेलं मी पाहिलंय. म्हणून टाकीत फ्यूम सप्रेसंट घालतो. पाण्यावर फेसाचा थर धरतो, वाफ खाली बसते, माणूस वाचतो. डब्यावर काय लिहिलंय? "फ्लोरिनेटेड सर्फॅक्टंट, मालकीचं मिश्रण." सुरक्षा पत्रकात तेच. पुरवठादाराला विचारलं तर म्हणतो कंपनी सांगत नाही.

आता तुमचा कायदा आला की फॉर्मवर मी काय लिहू? आणि खोटं लिहिलं म्हणून पकडायचं कोणाला, मला की डबा बनवणाऱ्याला? मोठ्या कंपनीत पर्यावरण विभागाला वेगळा मजला असतो. माझ्याकडे मी, मुनीम आणि एक कन्सल्टंट जो वर्षातून एकदा फॉर्म भरून सही घेऊन जातो. वर जाहीर केलेली यादी बघून उद्या गावातले चार जण गेटवर "समजूत काढायला" येणार ते वेगळंच. ते का येतात ते इथे लिहायला नको.

इचल_धागा

प्लेटर साहेबांशी सहमत. आमच्याकडे प्रोसेसिंगला कापड येतं, पार्टी म्हणते पाणी न धरणारं फिनिश मारून द्या. जॉबवर्क आहे, केमिकलही पार्टीच पाठवते. कॅनवर "सी-सिक्स" लिहिलेलं असतं. पूर्वी सी-एट असायचं. आठाचे सहा झाले म्हणून बरं झालं, असं सेल्समन सांगतो. खरं का?

सांडपाणीवाला

आठ-सहा म्हणजे साखळीतल्या कार्बनची संख्या. आखूड साखळी शरीरातून तुलनेने लवकर बाहेर पडते हे खरं, पण निसर्गात तीही विघटत नाही. आणि पाण्यातून काढायला ती जास्त त्रासाची, कारण सक्रिय कोळशाच्या गाळणीतून लवकर निसटते.

कॅरीकर

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात राहतो. आमच्या कॅरीत मराठी मंडळी खूप आणि आमचं पाणी जॉर्डन लेकचं. त्या तलावात हॉ नदी येते, तिच्या वरच्या अंगाला बर्लिंग्टन, कापड गिरण्यांचं जुनं गाव. इचल_धागा, म्हणजे तुमचा धंदा आणि माझा नळ एकाच प्रकरणातले. तिथल्या पालिकेच्या सांडपाण्यात पीफास निघालं आणि २०२३ मध्ये नदी वाचवणाऱ्या संस्थेशी तडजोड झाली: पालिकेने आपल्या गटारात कोण काय सोडतं ते शोधायचं आणि उगमावर कमी करवायचं.

पण मूळ प्रश्नाशी जास्त जुळणारी गोष्ट केप फिअर नदीची. फेएटव्हिलजवळ केमुर्सचा कारखाना (आधी ड्यूपाँटचा), खाली विल्मिंग्टन शहर हेच पाणी पितं. जून २०१७ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने छापलं की नळाच्या पाण्यात जेनएक्स नावाचं पीफास आहे. शास्त्रज्ञांचा शोधनिबंध त्याआधीच आला होता, पण शहराला पत्ता नव्हता. मग कंपनीने सांगितलं की उपपदार्थ म्हणून हे १९८० पासून नदीत जात होतं. पुढे २०१९ मध्ये १.२ कोटी डॉलर दंडासह करारनामा झाला. विल्मिंग्टनने कोळशाच्या गाळण्या बसवल्या, त्याला ४.३ कोटी डॉलर लागले आणि सुरुवातीला ते पाणीपट्टी भरणाऱ्यांच्याच खिशातून गेले.

कायद्याचा भाग ऐका. इथे परवाना हे कंपनीचं चिलखत असतं: परवान्यात असेल ते सोडलं तर कुणी दावा लावू शकत नाही. पण २००१ च्या पायनी रन खटल्यात अपील कोर्टाने म्हटलं की हे चिलखत फक्त परवाना देणाऱ्याला आधी सांगितलेल्या गोष्टींनाच लागू. लपवलंत तर संरक्षण नाही. वाशिष्ठीकाठी, तुमचं "जे लिहिलं नाही ते बेकायदा" हे त्याच धर्तीवरचं आहे. बंदी घालायला सरकारला दहा वर्षं लागतात, पण "तू सांगितलं नव्हतंस" एवढं एका सुनावणीत सिद्ध होतं.

खवचट_खान

म्हणजे चिलखत पण पाण्यात गंजतं तर.

डॉ_निवांत

कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच लिहितो, शरीरात होतं काय. सगळ्यात मोठा पुरावा वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्ग भागातला. ड्यूपाँटच्या कारखान्याविरुद्ध वकील रॉब बिलॉट यांनी दावा लढवला. तडजोडीतून सुमारे ६९,००० लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले गेले आणि तीन तज्ज्ञांच्या समितीने पीएफओएशी सहा आजारांचा संभाव्य संबंध सांगितला: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, गरोदरपणातला उच्च रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल. २०२३ च्या शेवटी जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग घडवणाऱ्यांत, टाकलं. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ठरवली ती लिटरला चार नॅनोग्रॅम. आपल्या आयएस १०५०० या २०१२ च्या मानकात पीफासची ओळच नव्हती.

घाबरून कुणी रक्त तपासायला धावू नका. आकडा कळला तरी शरीरातून काढायचं सोपं औषध माझ्याकडे नाही.

खाडीवाला_भोई

आमचं गाव दाभोळ खाडीवर. वडील पाग टाकायचे, मीही टाकलाय. बोय, शेंगाळा, चिंबोऱ्या, ओहोटीला बायका तिसऱ्या काढायच्या. आता मासा कमी आणि जो मिळतो त्याला वास येतो म्हणून गिऱ्हाईक हात लावत नाही. "कुठली मासळी?" विचारतात आणि खाडीची म्हटलं की पुढे जातात. ही बाजू कुठल्या आकड्यात धरता?

इथे सगळे नमुन्याबद्दल बोलताय म्हणून सांगतो नमुना कसा घेतात. पहाटे मासे पोट वर करून काठाला लागतात. फोन करायचा. साहेब येईपर्यंत दुपार, म्हणजे मधे एक ओहोटी आणि एक भरती होऊन गेली. उधाणाचे दिवस असले तर खाडीचं निम्मं पाणी बदललेलं असतं. मग बाटली भरतात, पंचनामा होतो, सही कर म्हणतात. महिन्याने कागद येतो: सर्व मर्यादेत. आम्ही विचारलं, मासे कशाने मेले? म्हणाले, प्राणवायू कमी झाला असेल. तो कशाने कमी झाला, यावर उत्तर नाही.

मासा मरायला पीफासच लागतं असं नाही, मला कळतं. पण यादी हातात असती तर बाटली भरताना मी सांगितलं असतं, साहेब, हे हे पण बघा. आता साहेब स्वतःच्या यादीतलं बघतो आणि जातो.

प्रशासक

चर्चा चांगली चालली आहे. दोन प्रतिसाद काढले आहेत. विशिष्ट कंपन्यांवर पुराव्याशिवाय आरोप नकोत. जात आणि पक्षही नको.

खवचट_खान

काढलेल्यातला एक माझा होता. तो फक्त विनोद होता, पण विनोदालाही संमतीपत्र लागतं असं दिसतं.

निराशावादी_नाना

तुम्ही सगळे भाबडे आहात. जाहीर करायची सक्ती आजही आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रत्येक युनिटने फॉर्म पाच, पर्यावरण विवरणपत्र, द्यायचं असतं. कोण वाचतं? २०१४ पासून अतिप्रदूषणकारी उद्योगांना ऑनलाइन मीटर लावायला सांगितलेत. प्लेटर म्हणतात तसा कन्सल्टंट गेल्या वर्षीचा फॉर्म उघडतो, तारीख बदलतो. आणखी एक रकाना वाढेल आणि त्यात "लागू नाही" लिहिलं जाईल. झालं.

लेखणी_आणि_वाळू

नाना, रकान्याने फरक पडतो याचं उदाहरण आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या भोपाळपासून झाली. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ, आणि ऑगस्ट १९८५ मध्ये त्याच युनियन कार्बाइडच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट गावच्या कारखान्यात गळती. अमेरिकन लोक खडबडून जागे झाले आणि १९८६ मध्ये तिथे कायदा झाला: कुठला कारखाना कुठलं विष किती सोडतो याची नोंदवही, सगळ्यांना खुली. त्यात कुणालाही "कमी करा" असं म्हटलेलं नव्हतं. तरी १९८८ मध्ये, आपला आकडा छापून येणार म्हटल्यावर, मोन्सान्टोच्या प्रमुखाने हवेतलं विषारी उत्सर्जन ९० टक्क्यांनी कमी करू असं जाहीर केलं. माणसं मेली इथे, आणि माहितीचा हक्क आधी मिळाला तिथे.

पण तुमच्या शंकेलाही तिथेच आधार आहे. २०२० पासून त्या नोंदवहीत १७२ पीफास आले, उंबरठा १०० पाउंड. तरी नोंदी फारच थोड्या झाल्या. कारण मिश्रणात ठराविक टक्क्यांहून कमी असेल तर मोजू नका अशी जुनी सवलत त्यांनाही लागू राहिली होती. ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये काढली. म्हणजे सक्ती असून भागत नाही, सवलती कुठल्या ते आधी बघावं लागतं. मसुदा करताना वाशिष्ठीकाठींनी तो भाग सगळ्यात आधी लिहावा.

निराशावादी_नाना

चांगला प्रतिसाद. तरी "लागू नाही" वर मी ठाम.

कलम_पंचवीस

वकील आहे, थोडं कोरडं लिहिते. जल कायदा १९७४, कलम २५, पोटकलम ६ वाचा. राज्य मंडळाने संमतीतल्या अटींची नोंदवही ठेवायची आहे, आणि जिथे पाणी सोडलं जातं त्या नळीशी, त्या सांडपाण्याशी संबंधित भाग बाधित किंवा हितसंबंधित व्यक्तीला वाजवी वेळेत पाहण्यासाठी खुला ठेवायचा आहे. खाडीवाला_भोई, हे तुमच्यासाठीच लिहिलेलं आहे आणि १९७४ पासून आहे. त्यासाठी माहिती अधिकारातही जावं लागत नाही, पण गेलात तर कंपनी कलम ८(१)(घ) पुढे करेल, व्यापारी गोपनीयता. त्या कलमातच पुढे म्हटलंय की व्यापक जनहित असेल तर द्यायला हवं.

अडचण अशी की नोंदवहीत मंडळाने विचारलेलंच असणार, आणि पीफास विचारलेलं नाही. न विघटणाऱ्या घातक रसायनांवरच्या जागतिक स्टॉकहोम करारात आपण २००६ पासून आहोत. तिथे पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये यादीत गेले. त्या करारासाठीचे आपले २०१८ चे नियम सात रसायनांपुरते आहेत आणि त्या सातांत ही दोन्ही नाहीत. म्हणून नवा कायदा मागण्याआधी त्या नियमांची यादी वाढवा आणि संमतीच्या अर्जाचा नमुना बदला, एवढं मागा. नमुना बदलायला विधानसभा लागत नाही.

भोसरी_प्लेटर

वकीलताईंनी नियमांची यादी सांगितली, मग माझीही अट त्यात घाला. जाहीर करण्याची पहिली जबाबदारी डबा विकणाऱ्यावर. त्याने डब्यावर नाव आणि टक्का छापला की मी फॉर्मवर उतरवतो, मला लपवण्यात काहीच रस नाही. उलट नाव कळलं तर बिनफ्लोरिनचा पर्याय मागता येईल. आज दुकानदार म्हणतो "हाच चालतो" आणि मी उचलतो.

इचल_धागा

+१. आणि जॉबवर्कमध्ये पार्टीवर.

सांडपाणीवाला

हे दोन मुद्दे आले तर माझ्या मते मसुदा वापरण्यासारखा होईल. एक गोष्ट तांत्रिक: नमुना कोणी घ्यायला गेलाच तर साधी पॉलिप्रोपिलीनची किंवा एचडीपीईची बाटली घ्या, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण नको. घेणाऱ्याने नवा रेनकोटही घालू नये, त्याच्यावरचं फिनिश नमुन्यात उतरतं. गल्लीतल्या लॅबला देऊ नका. एलसी-एमएस-एमएस हे यंत्र आहे का आणि सांडपाण्यासाठीची अमेरिकन पद्धत १६३३ येते का ते फोनवरच विचारा. त्या पद्धतीत चाळीस पीफास मोजतात. हजारो असतात, पण चाळीसवरून अंदाज येतो.

मीनल_के

रेनकोट नको म्हणजे कोकणात जून ते सप्टेंबर नमुनाच नको.

खाडीवाला_भोई

आम्ही इरलं घालू, ताई. त्यात फिनिश नसतं.

वाशिष्ठीकाठी

सगळ्यांचे आभार. मसुदा असा धरतोय: पुरवठादाराने डब्यावर नाव आणि टक्का, वापरणाऱ्याने संमतीच्या अर्जात तेच, टक्केवारीची सवलत नाही, यादी मंडळाच्या संकेतस्थळावर आणि ग्रामपंचायतीत मराठीत, न लिहिलेलं सोडल्यास संमती रद्द. प्लेटरांचं "गेटवर येणारे" हे उरतं, त्याला उपाय सुचत नाही. कुणाला सुचला तर लिहा.

तोवर कलम २५(६) खाली नोंदवही बघायचा अर्ज मी देतोय. भोईदादा, तुम्ही बाधित म्हणून सही कराल का? नुसत्या हितसंबंधितापेक्षा ते वजनदार दिसेल.

खाडीवाला_भोई

करतो. आणखी सात-आठ जण करतील. अर्ज गावात पाठवा, छापील असेल तर बरं, मोबाइलवर म्हाताऱ्यांना दिसत नाही.

कलम_पंचवीस

दोन अर्ज करा. एक साधा, कलम २५(६) चा, उपप्रादेशिक कार्यालयाला. दुसरा माहिती अधिकाराचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्याच दिवशी. पहिल्यावर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मसुदा मला व्यनि (खासगी निरोप) करा, रविवारी बघते.